शब्दचर्चा : धाक, भीती, धीर आणि धैर्य

प्रश्न : आमच्या मंडळीच्या शास्त्राभ्यासात सध्या बायबलच्या नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा चौथा अध्याय चालू आहे. न्यायसभेने, म्हणजे यहुदी धर्मपुढाऱ्यांच्या सभेने, येशूचे शिष्य पेत्र व योहान यांना धमकावले, त्याला 'भीती' म्हणावे की 'धाक'? आणि ज्याच्या बळावर ते उभे राहिले तो 'धीर' की 'धैर्य'?

उत्तर : भीती कशाचीही वाटते, अंधाराची, पाण्याची, उद्याची. धाकाला मात्र धनी लागतो. धाक कोणीतरी घालतो, आणि घातलेला धाक बसतो किंवा बसत नाही. हा भेद पेत्राच्याच आयुष्यात स्पष्ट दिसतो. येशूला धरून नेले त्या रात्री महायाजकाच्या वाड्यात कोळशांच्या विस्तवापाशी शेकत असताना एका दासीने त्याला 'तूही त्यांच्यापैकीच ना' अशा अर्थाचे विचारले आणि तो नाकारून मोकळा झाला. तिने धमकी दिली नव्हती. ती निखळ भीती होती. पुढे यरुशलेमातच त्याला संध्याकाळी अटक झाली, रात्र कोठडीत गेली आणि सकाळी हन्ना व कयफा या महायाजकांसमोर मध्ये उभे करून, पांगळ्या माणसाला बरे केल्याबद्दल, 'कोणत्या अधिकाराने हे केले' असा जाब विचारण्यात आला. येशूच्या नावाने पुन्हा बोलू नका, अशी ताकीदही मिळाली. हा उघड धाकदपटशा होता. धाक घातला गेला, पण बसला नाही.

म्हणून माझे आग्रहाचे मत असे की, वरिष्ठ, भाऊबंद किंवा गावातले वजनदार लोक ज्याला दमदाटी करत आहेत, असा कोणी प्रार्थनेची विनंती घेऊन आला, तर त्याला केवळ 'भीती सोडा' असे सांगू नये. तसे म्हटल्याने सारा दोष त्याच्याच मनाचा ठरतो आणि धाक घालणारा नामानिराळा राहतो. त्या अध्यायात सुटकेनंतर विश्वासणाऱ्यांनी केलेली प्रार्थना असे करत नाही. ती हेरोद आणि पंतय पिलात या सत्ताधाऱ्यांची नावे घेते, धमक्या प्रभूपुढे मांडते, आणि त्या थांबाव्यात असे न मागता वचन पूर्ण धैर्याने सांगता यावे असे मागते.

इथले 'धैर्य' हे ग्रीक 'पार्‍हेसिया' या शब्दासाठी आले आहे आणि त्याचा मूळ रोख मनमोकळ्या, न दबणाऱ्या बोलण्यावर आहे. छातीच्या निधडेपणापेक्षा ते जिभेशी अधिक संबंधित आहे. 'धीर' निराळा. धैर्य अंगी असावे लागते. धीर दुसऱ्याला देता येतो, धरता येतो, सुटतो आणि पुन्हा येतो. सरोवरावरील वादळात येशू शिष्यांना 'धीर धरा, मी आहे, भिऊ नका' असे म्हणतो, तेव्हा धीर धरण्याचे कारण 'मी आहे' या दोन शब्दांत आहे. वारा तेव्हा अजून पडलेलाही नव्हता. तेविसाव्या स्तोत्रातही मेंढपाळाची काठी धीरच देते. माझ्या समजुतीप्रमाणे न्यायसभेपुढे दिसले ते धैर्य, आणि त्यामागे होता तो सोबतीने मिळालेला धीर.

पुरवणी प्रश्न : मग 'परमेश्वराचे भय' याची शास्त्रात एवढी थोरवी का? भय तर टाकायचे असते.

उत्तर : बायबलमधील 'नीतिसूत्रे' या पुस्तकात दोन्ही आहेत आणि मूळ इब्री शब्द वेगळे आहेत. परमेश्वराच्या भयासाठी 'यिरआ' हा शब्द येतो, ज्यात आदर व पूज्यभाव सामावतो. एकोणतिसाव्या अध्यायात मनुष्याच्या भीतीला पाश म्हटले आहे, तिथे 'हरदा' म्हणजे थरकाप असा शब्द आहे. मराठीत 'भय' आणि 'भीती' एकाच धातूचे असल्यामुळे वाचकाचा गोंधळ होतो, तेव्हा समजावून सांगताना पहिल्यासाठी 'आदरयुक्त भय' म्हणणे बरे. पेत्र व योहान यांनी न्यायसभेला दिलेले उत्तर या दोहोंना समोरासमोर आणते : देवाचे ऐकण्याऐवजी तुमचे ऐकणे देवाच्या दृष्टीने योग्य आहे की काय, हे तुम्हीच ठरवा.