मूळ भारोपीय भाषेत 'ब' इतका विरळ का?

प्रश्न : बुध्, बन्ध्, बाहु, बल... संस्कृतात 'ब'ने सुरू होणारे एवढे शब्द असताना मूळ भारोपीय भाषेत (संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या समान पूर्वज भाषेत) 'ब' जवळजवळ नव्हताच, असं कशावरून म्हणतात?

उत्तर : यातल्या पहिल्या तिघांचा 'ब' मुळात 'भ' आहे. लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण आले की संस्कृतात आणि ग्रीकमध्ये पहिल्याचा प्राण जातो, हा नियम जर्मन अभ्यासक ग्रासमान यांनी १८६३ मध्ये मांडला. त्याचा पुरावा संस्कृत व्याकरणातच आहे. वर्तमानकाळी 'बुध्यते', पण भविष्यकाळी 'भोत्स्यते'! पुढच्या 'ध'चा 'त' झाला, म्हणून मागचा 'भ' शाबूत राहिला. मला हा पुरावा फार देखणा वाटतो. ग्रीकमध्ये 'भ'चा आधी 'फ' झाला आणि मग त्याचा प्राण गेला, म्हणून 'बाहु'चं तिथलं भावंड 'पेखुस्'.

'पिबति' आणि लॅटिन 'बिबित' यांतला 'ब' जुना आहे खरा, पण धातू 'पा'च. द्वित्वातल्या (धातूचा 'प' दोनदा येतो त्यातल्या) दुसऱ्या 'प'ला लागून असलेल्या घशातल्या (क-वर्गातल्या नव्हे) ध्वनीमुळे तो घोष, म्हणजे 'ब', झाला, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

उरला 'बल'. लॅटिन 'देबिलिस' (दुर्बळ) आणि रशियन 'बोल्शोय' (मोठा) यांच्याशी त्याचं नातं जोडतात. पण तमिळ 'वल्'कडे बोट दाखवणारेही आहेत, त्यामुळे हा साक्षीदार पक्का नाही.

याउलट 'द' पाहा : दा, दश, दम. 'ग'सुद्धा 'युग'मध्ये आहेच. म्हणजे घोष अल्पप्राणांच्या (ब, द, ग) ओळीत फक्त ओष्ठ्याची जागा रिकामी. १९७३ मध्ये गामक्रेलिद्झे-इवानोव्ह या भाषाशास्त्रज्ञांनी, आणि स्वतंत्रपणे भाषाशास्त्रज्ञ हॉपर यांनी, सुचवलं की ही ओळ घोष नव्हतीच. कंठद्वार मिटून काढलेल्या स्फोटक ध्वनींची होती. जॉर्जियनसारख्या भाषांत असे ध्वनी आहेत, आणि जगभर पाहिलं तर त्यांतला 'प'च सर्वांत जास्त वेळा गैरहजर असतो. रिकामी जागा यातून छान उलगडते. तरी संस्कृत, ग्रीक, लॅटिन या तिन्हींत ती ओळ घोषच कशी झाली, याचं उत्तर मला अजून पटलेलं नाही.

प्रश्न : मग मराठीत एवढे 'ब' आले कुठून?

उत्तर : बरेचसे वाटेत तयार झाले. 'द्वादश'चं बारा, 'द्वाविंशति'चं बावीस. 'उपविश्'वरून बैसणे, मग बसणे. 'द्व'चा 'ब' लॅटिननेही केला : 'द्विः' म्हणजे तिथलं 'बिस्'. पण हे दोन्हीकडे वेगवेगळं घडलंय. तेव्हा 'बारा' आणि 'बिस्' यांच्या 'ब'वरून मुळातला 'ब' शोधू नका.