जर्मनीत एमएस: पूर्वेकडची विद्यापीठं की दक्षिणेकडची?

गंगापूर_रोड: मुलगा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर, सीजीपीए ७.४. यादीत दक्षिणेकडची म्युनिक, स्टुटगार्ट आणि पूर्वेकडची ड्रेस्डेन, केम्निट्झ, माग्डेबुर्ग. कोर्स इंग्रजीतूनच हवा. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे आधीच भरून ठेवायचे पैसे) धरून १५ लाख, त्यावर एक रुपया नाही. पूर्व जर्मनीच्या डिग्रीला खरंच कमी भाव असतो का?

इसारकाठ: म्युनिक. बाकी विचारही करू नका. मी २०१४ ला आलो, आज स्वतःचं घर आहे. थोडं कर्ज काढा ताई, मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

खडूस_पाहुणा: दादा, तुमच्या वेळी फुकट होतं. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून म्युनिकचं टेक्निकल विद्यापीठ युरोपबाहेरच्यांकडून मास्टर्सला सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो घेतं. चारने गुणा. स्टुटगार्टला २०१७ पासून सत्राला १,५००. मी केम्निट्झला शिकलो, फी शून्य, फक्त सत्राची वर्गणी. सरकारी विद्यापीठ असलं की पूर्व-पश्चिम कोणी विचारत नाही. जर्मन किती येतं ते विचारतात. माझं ए२ होतं, म्हणजे जेमतेम प्राथमिक, आठ महिने घरी बसलो.

इसारकाठ: घरी बसलात यातच सगळं आलं.

खडूस_पाहुणा: भाषेमुळे बसलो, केम्निट्झमुळे नाही. नीट वाचा.

पोहे_विथ_ब्रेड: तिकडे वातावरण चांगलं नाही म्हणतात. २०२४ ला थुरिंगिया राज्याच्या निवडणुकीत एएफडी, तो स्थलांतरितांच्या विरोधातला पक्ष, पहिला आला.

खडूस_पाहुणा: यादीत थुरिंगिया कुठाय?

भाच्याची_मावशी: खाजगीकडे अजिबात वळू नका! आमच्या भाच्याला एजंटने बर्लिनला एका ठिकाणी चिकटवलं. कॅम्पस म्हणजे दुकानावरचा मजला. वर्षाची फी गेली ती गेलीच.

गंगापूर_रोड: यादीतली सगळी सरकारीच आहेत हो.

भाच्याची_मावशी: तरी सांगून ठेवलं.

एल्बेकिनारी: चिप डिझाइन आवडत असेल तर ड्रेस्डेन. इन्फिनिऑन, ग्लोबलफाउंड्रीज तिथेच, टीएसएमसीच्या कारखान्याचं भूमिपूजनही २०२४ ला झालं. वर्किंग स्टुडंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता पगारी काम करत, लॅबमध्ये शिरता येतं. पण आधी प्रत्येक कोर्सचं मॉड्यूल हँडबुक (विषय आणि क्रेडिटची पुस्तिका) उघडा आणि बीईचे विषय त्याशेजारी मांडा. गणिताचे क्रेडिट कमी पडले की अर्ज बाद, सीजीपीए कोणी बघत नाही. आणि ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो हे एका वर्षाचे. दुसऱ्या वर्षाचं काय ठरलंय?

गंगापूर_रोड: दुसऱ्या वर्षी पार्टटाइम करेन म्हणतो.

एल्बेकिनारी: वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मुभा असते. पण परीक्षेच्या महिन्यात काम होत नाही, अनुभव आहे.

नवा_गडी: म्युनिकला आता फी लागते हं.

पोहे_विथ_ब्रेड: सीओईपीतून एमटेक करा की. आईच्या हातचं जेवण तरी मिळेल.

गंगापूर_रोड: सगळ्यांचे आभार. काल रात्री ठरलं, माग्डेबुर्ग. रूममेटही तिथेच चाललाय, खोली वाटून घेतील.

एल्बेकिनारी: माग्डेबुर्ग कोणी सुचवलंच नव्हतं! तिथला इंटेलचा चिप कारखान्याचा प्रकल्पही गेल्या वर्षी, २०२५ ला, रद्द झाला.

गंगापूर_रोड: तेच दाखवलं त्याला. म्हणाला, "आई, मी इंटेलकडे चाललोय का?" क्रेडिट जुळतात, एवढं मात्र तुमच्यामुळे बघून घेतलं. जर्मनचा क्लास सोमवारपासून.

इसारकाठ: बघा बुवा. नंतर म्युनिकलाच याल नोकरीला.