विश्वामित्रीच्या काठची सार्वजनिक जमीन : पुनर्विकासाच्या सूचना देताना आधी काय मागावे?

दांडियाबाजारकर :

सर्वांना नमस्कार. विश्वामित्री नदीच्या काठाला लागून वडोदऱ्यात बरीच सार्वजनिक जमीन आज नुसती पडून आहे. कुठे बाभळी माजल्या आहेत, तर कुठे राडारोड्याचे ढीग आहेत. आमच्या रहिवासी मंडळाने आपल्या भागातील अशा जमिनीच्या पुनर्विकासाबद्दल महापालिकेला लेखी सूचना देण्याचे ठरवले आहे, परंतु मसुदा लिहायला बसताच मंडळात दोन तट पडले. काहींना अहमदाबादसारखा बांधीव काठ, फिरण्याची वाट आणि खर्च भागवण्यासाठी काही भूखंडांची विक्री, असा आराखडा हवा आहे. ज्यांच्या घरांत २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाणी शिरले होते, त्यांना मात्र काठावर एकही वीट नको आहे. महापालिकेकडे प्रथम कोणती माहिती मागावी आणि विक्रीबाबत कोणती भूमिका घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त नगररचनाकार, मांजलपूर :

थोडे विस्ताराने लिहितो. आपण सरसकट ‘सार्वजनिक जमीन’ म्हणतो, पण नदीकाठी तिचे मालक अनेक असतात. नदीचे पात्र जमीन महसूल कायद्याच्या कलम ३७ नुसार राज्य सरकारचे असते. काठावरचे काही अंतिम भूखंड (टी.पी. म्हणजे नगररचना योजनेत नव्याने आखलेले भूखंड) त्या योजनेतून महापालिकेकडे आलेले असतात आणि ते उद्यान किंवा शाळा अशा ठरावीक कारणासाठी राखलेले असू शकतात. म्हणून पहिली मागणी सर्व्हे नंबर, अंतिम भूखंड क्रमांक, मालकी आणि आरक्षण एकत्र दाखवणाऱ्या नकाशाची करा. योजनेतील राखीव भूखंडाचा हेतू १९७६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे योजनेत रीतसर फेरफार करूनच बदलता येतो आणि त्या वेळी नागरिकांना हरकती घेता येतात. त्या मुदतीवर लक्ष ठेवा, कारण अशा जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या कोणत्या कोपऱ्यात छापल्या जातात हे आपण सारे जाणतो.

दुसरी मागणी पूररेषेची, म्हणजे पुराचे पाणी जिथवर पसरते त्या रेषेची, आणि माझ्या मते सारा आराखडा तिच्यावर उभा राहतो किंवा पडतो. ही नदी पावागडाच्या बाजूने येते, आजवा जलाशयाचे जादा पाणी घेते, सपाट प्रदेशात असंख्य वळणे घेत शहरातून जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. ढाढर स्वतः दुथडी भरून वाहत असली की विश्वामित्रीचे पाणी लवकर उतरत नाही. अशा वेळी ते पाणी काठची कोतरे (पाण्याने कापलेल्या घळी), सखल पडीक जमिनी आणि भूखी, रूपारेल यांसारख्या कांसांमध्ये (पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांमध्ये) पसरून थांबते. म्हणजे नकाशावर ‘रिकामी’ दिसणारी जमीन पावसाळ्यात शहराचे काम करत असते. तिच्यावर भराव घातला तर त्या भूखंडावर कदाचित पाणी येणार नाही, पण तेवढेच पाणी समोरच्या काठावर किंवा वरच्या अंगाच्या वस्तीत चढेल. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता आणि २०२४ मध्ये शहरातील काळाघोडा पुलाजवळ नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती. आराखडा यांपैकी कोणता पूर गृहीत धरून काढला आहे, हे लेखी विचारा. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०२१ च्या आदेशात कोतरे आणि पाणथळ जागांसह या नदीक्षेत्राच्या रक्षणासाठी कृती आराखडा करण्यास सांगितले होते, त्याचाही संदर्भ द्या.

बांधकाम अजिबात नको, असे मी म्हणणार नाही. १८७९ सालची सयाजीबाग हीसुद्धा नदीकाठची सार्वजनिक जमीनच आहे. पुराचे पाणी बागेत येते, गाळ टाकून जाते, आणि साफसफाई झाल्यावर लोक पुन्हा फिरायला येतात (प्राणिसंग्रहालयाची गोष्ट अर्थात वेगळी). तेच पाणी तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरले तर काय होते, हे अनेक सोसायट्यांनी पाहिले आहे. आधी पाण्याची जागा ठरावी, मग उरलेल्या जागेचा उपयोग, आणि पैशाचा हिशेब त्यानंतर. व्यवहारात मात्र विक्रीचे भूखंड आधी आखले जातात आणि उरलेल्या पट्ट्याला हरित क्षेत्र म्हटले जाते.

अकोटावासी :

काकांच्या म्हणण्यातील पूररेषेचा भाग मला पूर्णपणे मान्य आहे, पण पैशाला शेवटचे स्थान देणे पटत नाही. देखभालीला पैसा नसलेल्या मोकळ्या जागेवर अतिक्रमण होते किंवा रात्री राडारोड्याचे ट्रॅक्टर रिकामे होतात, आणि मग तोच भराव पाहून ‘ही जमीन आता उंच झाली आहे’ असे म्हणणारे पुढे येतात. अहमदाबादच्या साबरमती नदीकाठ प्रकल्पासाठी १९९७ मध्ये वेगळी कंपनी स्थापन झाली, दोन्ही काठांवर मिळून २०० हेक्टरहून अधिक जमीन तयार झाली आणि तिचा थोडासाच भाग विक्रीसाठी ठेवून खर्च भागवण्याची कल्पना मांडली गेली. त्या प्रकल्पात दहा हजारांहून अधिक कुटुंबे विस्थापित झाली, हे मी विसरलेलो नाही. तरीही पूररेषेच्या बाहेरची जमीन मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला काय हरकत आहे? मालकी महापालिकेकडेच राहील आणि उत्पन्न फक्त नदीकाठच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवण्याची अट घालता येईल.

निवृत्त नगररचनाकार, मांजलपूर :

भाडेपट्ट्याला माझा विरोध नाही, मात्र मुदत ९९ वर्षांची असेल तर ती विक्रीच समजावी. साबरमतीचा दाखला मात्र जपून वापरावा. तिथे रुंद वाळूचे पात्र होते, वर धरोईचे धरण आहे आणि पात्रात वर्षभर दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्यातून येते. पात्राची रुंदी सर्वत्र सारखी करून काठाला भिंती बांधल्यामुळे तिथे जमीन निघाली. विश्वामित्रीचे पात्र अरुंद आणि वळणावळणाचे आहे. त्यातून जमीन काढायची म्हणजे पुराच्या वाट्याचीच काढावी लागेल.

फतेगंजची वाचक :

चर्चेत मगरींचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहिते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील हा प्राणी भर शहरातील याच नदीत राहतो, मातीच्या काठात बिळे करतो आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठावर अंडी घालतो. पावसाळ्यापूर्वी काम उरकण्याच्या घाईत जेसीबी नेमके याच काळात काठावर उतरतात. उभी काँक्रीटची भिंत बांधली तर मगरीला ऊन खायला आणि अंडी घालायला जागा उरत नाही, पण पुरात ती वस्तीत यायची थांबत नाही. उतरता मातीचा काठ, त्यावर स्थानिक गवत व झाडे, आणि माणसांची वाट कुंपणाआड बरीच मागे, असे सूचनेत स्पष्ट लिहावे.

दांडियाबाजारकर :

सर्वांचे आभार. आता मसुदा मालकीच्या नकाशापासून सुरू करतो आणि भाडेपट्ट्याची मुदत मंडळाच्या बैठकीत मांडतो. एक शंका उरते. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी शहरातील सुमारे २४ किलोमीटर पात्र खोल व रुंद करण्याचे काम झाले. ‘आता पूर कमी येईल, तेव्हा पूररेषाही मागे घ्यावी,’ असे कोणी म्हटले तर काय उत्तर द्यावे?

निवृत्त नगररचनाकार, मांजलपूर :

काम झाल्यानंतर घेतलेले पात्राचे आडवे छेद (ठिकठिकाणची रुंदी व खोली दाखवणारी मोजमापे) मागा आणि दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा मोजले जातील, अशी अट सुचवा. गाळ दरवर्षी येतो. एका उन्हाळ्यातील खोदाईच्या भरवशावर कायमच्या इमारतींना परवानगी देता येत नाही, एवढे वाक्य मसुद्यात जसेच्या तसे घातले तरी चालेल.