रविवारची ग्रेव्ही की सॉस? आणि अडाणी नक्की कोण?

एडिसनचा_आप्पा
काल इथे एका विद्वानांनी लिहिलंय की अमेरिकेतले इटालियन लोक पास्त्याच्या लाल सॉसला 'ग्रेव्ही' म्हणतात हा निव्वळ अडाणीपणा, इटलीत असा शब्दच नाही, ग्रेव्ही म्हणजे थँक्सगिव्हिंगला टर्कीवर ओततात ती तपकिरी भानगड. डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलोय, लांबलं तर लांबलं.

माझी सासुरवाडी साऊथ फिली (फिलाडेल्फियाचा दक्षिण भाग), मूळ इटलीतल्या नेपल्सच्या बाजूची. तिथे रविवारी सकाळी लवकर पातेलं चढतं. आधी सॉसेज, डुकराच्या बरगड्या आणि ब्राचोले (बीफच्या पातळ कापात लसूण-पार्सली-चीज भरून दोऱ्याने बांधलेली गुंडाळी, दोरा काढायचा राहिला की हमखास जावयाच्याच दातात) हे सगळं तेलात लालसर करून काढायचं, त्याच तेलात लसूण आणि टोमॅटो पेस्ट चांगली गडद होईस्तो परतायची, मग डब्यातले टोमॅटो हाताने कुस्करून, आणि मांस परत आत. दुपारपर्यंत मंद आच. जेवताना आधी या सॉसमध्ये रिगाटोनी (नळीसारखा पास्ता), मांस नंतर वेगळ्या ताटात. ह्याला ग्रेव्ही म्हणतात. झटपट लसूण-टोमॅटो केलं तर त्याला सासूबाईसुद्धा सॉसच म्हणतात. इंग्रजीत मांसाच्या रसाला ग्रेव्ही म्हणतात, यांच्या पातेल्यात मांस आहे, म्हटलं ग्रेव्ही, कुणाच्या बापाचं काय गेलं?

१८८० ते १९२४ दरम्यान चाळीस लाखांच्या आसपास इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेकडचे, गरीब. गावी मांस सणासुदीलाच. इथे खाटकाकडे परवडायला लागलं तेव्हा दर रविवारी सण केला त्यांनी. त्याला नाव काय द्यायचं ते तेच ठरवणार ना.

बोलोन्या_रिटर्न
विद्वान मीच. भावना पोचल्या, मुद्दा तसाच आहे. मी इटलीत बोलोन्यात शिकलोय. तिथे रागूची (पास्त्यावरच्या मांसाच्या सॉसची) रेसिपी १९८२ साली चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली, २०२३ ला सुधारून परत नोंदवली. ताल्यातेल्ले (पास्त्याची लांब पट्टी) शिजल्यावर ८ मिलिमीटर रुंद असावी म्हणून सोन्याचा नमुना करून ठेवलाय तिथे. इतकं जपणाऱ्या लोकांपुढे जाऊन 'ग्रेव्ही' म्हणून बघा. आमच्या घरमालकीण बाईंनी मला स्पगेटी मोडताना पाहिलं होतं, पुढचे काही दिवस जिन्यात भेटल्या तरी मान वळवायच्या. रागू म्हणा, सुगो म्हणा, साल्सा म्हणा, तीन तीन शब्द असताना चौथा कशाला?

एडिसनचा_आप्पा
बोलोन्याचा काय संबंध? मी नेपल्सचं बोलतोय. तुमच्या रागूत खिमा आणि दूध, त्यांच्यात मांसाचे अख्खे तुकडे. आणि परंपरा परंपरा करताय तर आर्तुसी या इटालियन लेखकाचं १८९१चं पाककृतींचं पुस्तक काढा, त्यात बोलोन्या पद्धतीच्या मॅकरोनीच्या रेसिपीत टोमॅटोच नाही! म्हणजे तुमचं ते नोंदणीवालं सोवळं आर्तुसीच्या रेसिपीपेक्षा नव्वद वर्षांनी लहान.

सूनबाई_जर्सी
दोघेही जरा थांबा. माझं सासर सिसिलियन, न्यू जर्सीतलंच, आणि आमच्याकडे सॉस. फक्त सॉस. लग्नानंतर मी एकदा कौतुकाने 'संडे ग्रेव्ही' म्हटलं तर सासऱ्यांनी काटा खाली ठेवला आणि विचारलं, कुठे ऐकलंस हे, फिलीत? तेव्हा आप्पा, 'अमेरिकेतले इटालियन' अशी मोट बांधू नका, इथे नवरा-बायकोत एकमत नसतं.

एडिसनचा_आप्पा
न्यू ऑर्लिन्सचे सिसिलियन 'रेड ग्रेव्ही' म्हणतात, सासऱ्यांना सांगा.

सूनबाई_जर्सी
तुम्ही या सांगायला. जेवण माझ्याकडून, बाकी जबाबदारी घेणार नाही.

तिखटजाळ
आपल्याकडे पनीर असो कोफ्ता असो सगळ्या हॉटेलांत एकच लाल ग्रेव्ही, तिथे कुणी भांडतं का. माझं दुःख वेगळंच आहे. राओज् या न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटच्या नावाची पास्ता सॉसची बाटली, ती विकणाऱ्या कंपनीला २०२४ मध्ये कॅम्पबेल या सूपवाल्या कंपनीने सुमारे २.७ अब्ज डॉलरला घेतलं. म्हणजे आजीबाईंची चव शेवटी सूपवाल्यांच्या गोडाऊनमध्ये. एका बाटलीच्या पैशात माझी आठवड्याची भाजी येते आणि तुम्ही नावावरून भांडताय.

पेठेतला_शाकाहारी
तुमचं डुकराचं पातेलं तुम्हालाच लखलाभ. मी आपला शुद्ध शाकाहारी मरिनारा (नुसत्या टोमॅटो-लसणाचा सॉस) करतो, वरून अस्सल पार्मिजानो रेज्यानो चीज, हो अस्सलच, परदेशातून मागवतो, स्वस्तातली भुकटी नाही.

बोलोन्या_रिटर्न
अस्सल पार्मिजानो शाकाहारी नसतं. वासराच्या जठरातलं रेनेट घालूनच दूध फाडतात, नियमातच आहे तसं.

पेठेतला_शाकाहारी
काहीही. दुधाचा पदार्थ आहे तो. चीज मांसाहारी कसं होईल?

बोलोन्या_रिटर्न
ग्राना पादानो चीजही तसंच. पाकीट वाचा ना एकदा.

पेठेतला_शाकाहारी
वाचलं. 'रेनेट' एवढंच लिहिलंय. मग ते मायक्रोबियलही असू शकतं. अमूलवाले घालतात तसं.

बोलोन्या_रिटर्न
अमूल हे अमूल. तुमच्या अस्सलमध्ये वासरूच.

पेठेतला_शाकाहारी
म्हणजे इतकी वर्षं मी, माझी आई, चातुर्मासात... तुम्ही मुद्दाम सांगताय हे. लोकांच्या जेवणात विष कालवायचं एवढंच येतं तुम्हाला.

तिखटजाळ
विष नाही हो, वासरू 😂

पेठेतला_शाकाहारी
यात हसण्यासारखं काय आहे? आईला काय सांगू मी? गाईचं दूध चालतं, इथे गाईचं पोर मारलंय.

एडिसनचा_आप्पा
धागा ग्रेव्हीचा होता... असो, चीज निघालंच आहे तर. पार्मा विद्यापीठातले प्राध्यापक आल्बर्टो ग्रांदी २०२३ मध्ये फायनान्शियल टाइम्सला काय म्हणाले? कार्बोनारा (अंडं-चीजचा पास्ता) मूळची अमेरिकन, आणि जुन्या पार्मेजानच्या जवळ जाणारं चीज आज कुठे मिळतं तर विस्कॉन्सिनमध्ये. अख्खी इटली खवळली होती. जे गाव सोडून गेले त्यांनीच जुनं जपलं, हेच मी म्हणतोय.

बोलोन्या_रिटर्न
ग्रांदींना वाद आवडतात, तुमच्यासारखेच. आणि जपलं म्हणे! मीटबॉल आणि स्पगेटी एका ताटात, हे तिकडे कुठे होतं?

सूनबाई_जर्सी
पेठेतले, तुमच्यासाठी. दक्षिणेतल्या गरीब घरांत चीज परवडायचं नाही, तिथे शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्ह तेलात खमंग परतून पास्त्यावर घालायचे. माझ्या सासूबाई अजून करतात, अँचोव्ही माशाच्या पास्त्यावर. तुम्ही अँचोव्ही सोडून करा. चुरा बदामी झाला की लगेच उतरवा, कढईत राहिला तर करपतो.

पेठेतला_शाकाहारी
पावात काही नसतं ना?

बोलोन्या_रिटर्न
आप्पा, 'अडाणी' मागे घेतो. 'चुकीचं' ठेवतो. फिलीपुरतं ग्रेव्ही म्हणा, बोलोन्यात आलात तर तोंड बंद ठेवा.

एडिसनचा_आप्पा
केवढे उपकार. सासूबाईंना कळवतो, फ्रेम करून लावतील.

पेठेतला_शाकाहारी
पेकोरिनो चीजचं काय? ते तरी?

बोलोन्या_रिटर्न
पेकोरिनो रोमानोत कोकराचं रेनेट.

पेठेतला_शाकाहारी
आणि मस्कारपोने चीज? नीट सांगा, शनिवारी गोडाला त्याचंच तिरामिसू सांगून ठेवलंय.

बोलोन्या_रिटर्न
मस्कारपोने बिनधास्त खा, आंबट घालून करतात. तिरामिसूत अंडं असतं.