'तलाश': धक्का नव्हे, तपास कमी पडला

शेवटच्या धक्क्यामुळे 'तलाश' (२०१२) हा हिंदी चित्रपट फसला, हे मत मला पटत नाही. (पुढे रहस्यभेद आहे.) सुरुवात काय जबरदस्त आहे! रात्रीची मुंबई, 'मुस्काने झूठी है' हे गाणं, सुसाट गाडी अचानक वळून थेट समुद्रात. के. यू. मोहनन यांच्या कॅमेऱ्याने तर कमाल केलीय. पण आमिरचा इन्स्पेक्टर शेखावत स्वतः शोधतो तरी काय? महत्त्वाचे दुवे करीनाची रोझीच पुरवते, आणि ती भूत निघते, हाच तो शेवटचा धक्का. भूत दाखवायला हरकत नाही, पण त्यानेच तपास करायचा तर पोलीस कशाला? शेखावतचा मुलगा बुडाल्याचा सल आणि हे प्रकरण शेवटी जुळतं, मात्र मधला तास नुसता रेंगाळतो. नवाजुद्दीनचा लंगडा तैमूर मात्र खरा नॉयरमधला (अंधाऱ्या, गुन्हेगारी चित्रपटांमधला) माणूस. त्याला अजून वाव हवा होता.