अलॉय व्हीलची चमक गेलीये, कोणतं पॉलिश घेऊ? (इंदूर)

सुदामानगरी
चारही अलॉयवर पांढरट डाग आलेत. शाम्पूने धुतलं, मेटल पॉलिश घासलं, ढिम्म फरक नाही. जरा कडक पॉलिश कोणतं ते सांगा, आजच सियागंजातून आणतो. गणपतीत पुण्याला जायचंय, त्याआधी उरकायचंय. लवकर सांगा.

लेथकाका
गाडी कोणती, चाक किती इंची? चाक सगळं सिल्व्हर आहे, की आरे पुढून चकाकते आणि खाचा काळ्या? डाग नखाला लागतात का? फोटो टाका. रंगवलेलं, डायमंड-कट (पुढचा भाग लेथवर कापून चकाकवलेलं) आणि नुसतं घासून चमकवलेलं उघडं अ‍ॅल्युमिनियम, तिघांचा इलाज वेगळा.

हवाबाण
नायट्रोजन भरून घ्या. प्रेशर दाराच्या स्टिकरवर असतं तेवढंच ठेवा.

लेथकाका
नायट्रोजनने डाग जातात?

हवाबाण
डागांचं कोण बोलतंय, हवा जरा हळू उतरते.

चकाचक_रामबाग
भिया, एवढं काय त्यात! संडास धुवायचं तेजाब अर्धं पाणी घालून ब्रशने मारा. दोन मिनिटांत चांदी.

पालदा_पावडर
कोणीही हे करू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं. अ‍ॅल्युमिनियम खातं, लॅकरच्या चिरेतून आत शिरतं, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढवतं. कॉस्टिक तर त्याहून वाईट. ब्रेकची काळी धूळ काढायची असेल तर अ‍ॅसिड नसलेला, लोखंडाच्या कणांवर जांभळा होणारा क्लीनर मिळतो. चाक गार असताना, सावलीत मारा आणि सुकायच्या आत धुवा.

सुदामानगरी
16 इंची. आरे पुढून चकाकते, खाचा काळ्या. डाग नखाला लागत नाहीत, केसासारख्या वेड्यावाकड्या रेषा आहेत, फुटपाथला घासलं होतं तिथून निघाल्यात. एका चाकाची हवा सारखी उतरते, पंक्चर सापडत नाही, पण तो विषय वेगळा. पॉलिशचं नाव सांगा ना कोणीतरी.

लेथकाका
विषय वेगळा नाही, तोच आहे. चाक डायमंड-कट आहे. कापलेल्या उघड्या धातूवर पारदर्शक लॅकर असतो. घासलेल्या जागी लॅकर फुटला, ओल आत गेली आणि गंज लॅकरच्या खालून सरकत चाललाय. पॉलिश वरच्या वर फिरतं, तिथवर पोचतच नाही. खात्री करायची तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने मेटल पॉलिश घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा, पांढरं राहिलं तर वर लॅकर. (आधी चाक धुवा, नाहीतर ब्रेकची धूळच फडकं काळं करेल.)

हवा उतरते त्या चाकाला साबणाचं पाणी लावा. टायरची कड रिमवर बसते तिथे बुडबुडे आले तर तिथेही तोच पांढरा गंज असणार. आतल्या पिंपाला (टायर बसतो त्या गोल नळकांड्याला) तडा असेल तर चाक बदला, वेल्डिंग करून वापरू नका.

पालदा_पावडर
डायमंड-कटचा हट्ट सोडा, चारही पावडर कोट करा (कोरडी रंगाची पूड मारून भट्टीत भाजायची). खडीला सगळ्यात टिकाऊ.

लेथकाका
पावडर वाईट नाही, पण गेट-ग्रिल रंगवणाऱ्याकडे देऊ नका. तो जुना रंग भट्टीत जाळून काढतो, किंवा लोखंडी मालासाठी ठेवलेल्या कॉस्टिकच्या टाकीत चाक बुडवतो. चाकाच्या ओतीव धातूला कडकपणा दीडशे-एक अंशांवर तासन्‌तास तापवून दिलेला असतो. जाळायच्या भट्टीत चारशेवर गेलं की तो उतरला.

पालदा_पावडर
जाळायचं मी कुठे म्हटलं? रंग रसायनाने काढायचा, पावडर 180-190 ला वीस मिनिटं भाजायची, तेवढ्याने काही होत नाही. ओतीव धातूच्या छिद्रांतली हवा फुगून पावडरला सुईएवढी भोकं पडतात, म्हणून चाक आधी रिकामं तापवून घ्यायचं. आणि तुम्ही लेथवाले चाक पुन्हा कापून देता, त्या रीकटचं काय? दर वेळी धातू कमी होतो, एकदा, फार तर दोनदा. नवा लॅकर फुटला की गंज पुन्हा हजर.

लेथकाका
हे मात्र बरोबर.

वॉटरपेपर
घरी करायचं तर रंगवलेला सिल्व्हर हाच सोपा मार्ग. डायमंड-कटच्या बारीक रेषा हाताने येत नाहीत, लेथच लागतो. टायर आणि बॅलन्सिंगची जुनी वजनं उतरवा, डिंक थिनरने काढा. पेंट रिमूव्हर जाड थर देऊन पंधरा-वीस मिनिटं ठेवा, नायलॉन ब्रशने खरवडा. लोखंडी काथ्या नको, त्याचे कण रुतून नंतर गंजतात. 180 नंबरच्या पॉलिश पेपरने पांढरा गंज *पूर्ण* जाईपर्यंत घासा. खड्ड्यात टिपकाभर राहिला तरी तिथूनच फोड येतो. मग 320, 400. कडेचे ओरखडे कानसीने सपाट करून थोडं बॉडी फिलर.

उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर साधा प्रायमर सोलतो. एपॉक्सी लावा, आणि घासलं त्याच दिवशी. सिल्व्हरचे तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं, वर टू-के क्लिअरचे (हार्डनर मिसळायच्या पारदर्शक लॅकरचे) दोन. हार्डनरचं प्रमाण डब्यावरचंच. त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, फडक्याचा मास्क काही कामाचा नाही.

नट बसतात त्या उतरत्या जागा आणि हबला टेकणारा मागचा भाग टेपने झाका. तिथे रंग राहिला तर तो दबून झिजतो आणि नट सैल पडतात. नट आडवे-तिडवे आवळा, किती जोराने तो आकडा मॅन्युअलमधला, आणि पन्नास-शंभर किलोमीटरवर पुन्हा तपासा.

पीथमपूर_एक्सप्रेस
एवढं करून आमच्या पीथमपूरचा तो 11.3 किलोमीटरचा गाड्यांचा टेस्ट ट्रॅक मारायचाय का?

सुदामानगरी
रहायला इंदूरच्या खड्ड्यांत, ट्रॅक कुठला. म्हणजे गणपतीआधी होणार नाही का?

वॉटरपेपर
चारही नाही. क्लिअर आठवडाभर पिकू द्या, नाहीतर टायरवाल्याच्या सळईने सोलेल. शिवाय या दमट हवेत साधं थिनर घातलेला रंग दुधाळ होतो. आत्ता गळणारं चाक तेवढं टायरवाल्याकडे न्या, कडेची जागा घासून साफ करून टायर परत बसवून घ्या. बाकी दिवाळीनंतर, कोरड्या हवेत.

सुदामानगरी
आणि बॅलन्सिंगची वजनं ठोकायची की चिकटवायची?

लेथकाका
चिकटवायची, आतल्या बाजूला. ठोकलेली क्लिप नवा लॅकर पहिल्याच दिवशी फोडते.

हवाबाण
आणि नायट्रोजन.