तातडीचं: दिवाळी पहाटचा कीबोर्ड बंद पडलाय, शनिवारच्या तालमीचं काय?

मंगल, मंगळवार रात्री

मंडळी,
आजच्या तालमीत कीबोर्ड चालूच झाला नाही. खोक्यातला काळा अडॅप्टर लावला, बटण दाबलं, तर दिवा नाही की काही नाही. आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि जळका वास सुटला. अवधूतने लगेच भिंतीवरचा स्विच बंद केला. मग करडा अडॅप्टर लावून पाहिला, तरी ढिम्म.

पहिलं सत्र सगळं कीबोर्ड धरूनच बसवलंय, नुसत्या पेटीवर निभणार नाही. शनिवारपुरता कोणी देऊ शकेल का? ६१ पट्ट्यांचा चालेल. आणि कपाटाची किल्ली सध्या कोणाकडे आहे?

शिरीष, मंगळवार रात्री

मंगलताई, किल्ली माझ्याकडे.

गणपतीनंतरच्या मेलमध्ये मी स्पष्ट लिहिलं होतं की कपाटातली कुठलीही वस्तू मला विचारल्याशिवाय लावू नये. ‘काळा अडॅप्टर’ म्हणजे कुठला? कपाटात तीन काळे आहेत. त्यातला एक जुन्या यामाहाचा, १२ व्होल्टचा, त्याच्या पिनेत मध्ये पॉझिटिव्ह. आपण आता आणलाय तो जुना कॅसिओ. त्याला ९ व्होल्ट लागतात, आणि मध्ये निगेटिव्ह. तोंड दोन्हींचं सारखंच, एकमेकांत अगदी सहज बसतं. नुकसान होतं ते त्यामुळेच. बसला म्हणजे चालेल असं डोक्यात येतं. उलटा प्रवाह आत गेला की जॅकजवळचा संरक्षक डायोड शॉर्ट होतो नाहीतर फ्यूज उडतो, आणि यातलं काहीच नसेल तर पुढचे कपॅसिटर फुगतात.

अडॅप्टरच्या पाठीवर एक खूण छापलेली असते: मध्ये ठिपका, त्याभोवती अर्धगोल, दोन टोकांना अधिक आणि उणे. ठिपक्याला जोडलेल्या रेघेवर जे चिन्ह, ते मधल्या पिनेचं. कीबोर्डच्या जॅकजवळही तीच खूण असते. दोन्ही जुळल्याशिवाय स्विच चालू करायचा नाही.

माझा अंदाज, यामाहाचाच लावला गेला.

वृंदा, बुधवार सकाळी

शिरीषकाका, न बघता अंदाज नको. कीबोर्ड मी घेतला, पार्सल मी उघडलं, आणि अडॅप्टर त्याच खोक्यातून आला. जाहिरातीत ‘रिफर्बिश्ड, तपासलेला, अडॅप्टरसह’ असं होतं. १६५ पौंड दिलेत. मंडळाच्या कपाटातला अडॅप्टर त्या खोक्यात जाईलच कसा?

पार्सल १९ सप्टेंबरला आलं. इथे ब्रिटनमध्ये दुकानदाराकडून घेतलेली वस्तू सदोष निघाली तर ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, वस्तू जुनी असली तरीही. म्हणजे १९ ऑक्टोबरच्या आत पत्र जायला हवं. तोवर कीबोर्ड कोणीही उघडू नये. स्क्रू फिरवल्याची खूण दिसली तर दुकानदार तेच पुढे करेल.

निखिल, बुधवार

रिफर्बिश्डचा विषय निघालाच आहे तर मराठी शाळेसाठी जे चार लॅपटॉप घ्यायचं चाललंय त्याबद्दलही आत्ताच बोलूया. ऑर्डर अजून गेलेली नाही.

एक, कंपन्यांकडून निघालेल्या लॅपटॉपवर कधीकधी त्या कंपनीचं रिमोट कुलूप राहून जातं. चालू होतो, महिनाभर नीट चालतो, मग विंडोज पुन्हा टाकायला जावं तर जुन्या कंपनीचा लॉगिन मागतो. पेटी उघडल्यावर पहिल्याच दिवशी सगळं पुसून नव्याने टाकून बघायचं, म्हणजे परत करायला मुदत हातात राहते.

दोन, चार्जर. डेलच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. त्यातून लॅपटॉप चार्जर ओळखतो. विक्रेत्याने दुसरा कुठला तरी १९.५ व्होल्टचा दिला तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि गतीही मंदावते. लोक बॅटरी गेली समजून नवी घेतात.

तीन, यूएसबी-सी असला तरी गाफील राहू नका. २०१६ मध्ये गूगलचे इंजिनियर बेन्सन ल्युंग बाजारातल्या केबली तपासत होते. एका केबलीत पॉवर आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉप बाद झाला. तपासणीची उपकरणंही गेली. प्लग बरोबर, आकार बरोबर, आतली जोडणी चुकलेली. विक्रेत्याने सोबत दिलेली बिननावाची केबल मी तरी मुलांच्या हातात देणार नाही.

शिरीष, बुधवार

निखिल, केबलीचा मुद्दा पटला. पण व्होल्ट मोजायचा मीटर हातात असला तर यातलं बरंचसं दोन मिनिटांत कळतं. डीसीवर ठेवायचा, लाल टोक पिनेच्या भोकात, काळं बाहेरच्या कड्याला. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर मध्ये निगेटिव्ह. आकडा शून्याच्या आसपासच राहिला तर अडॅप्टर मेला असं लगेच समजू नका, एसीवर लावून बघा. काही छोट्या मिक्सरना अडॅप्टरमधून एसीच लागतो, आणि तो अडॅप्टरही दिसायला हुबेहूब असाच.

जुने जाड ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर रिकामे मोजले की छापल्यापेक्षा जास्त व्होल्ट दाखवतात. ९ च्या ठिकाणी १२-१३ दिसले तर घाबरू नका, भार पडला की खाली येतात. यावरून मागे हॉलवर बराच वाद झाला होता, म्हणून लिहितोय.

सुनीता, न्यू जर्सीहून

मी अजून लिस्टवर आहे! मंगलताई, गणपतीतल्या राइस कुकरची आठवण झाली. तो मीच इकडून आणला होता आणि हॉलच्या स्वयंपाकघरात त्याला नुसता पिन बदलायचा अडॅप्टर लावला गेला. इकडे १२० व्होल्ट, तिकडे २३०. पिनेचा आकार बदलल्याने व्होल्टेज बदलत नाही. व्होल्टेज दुप्पट झालं की उष्णता चौपट होते, त्यामुळे कॉइल टिकणं शक्यच नव्हतं. इकडे येणाऱ्यांचं उलटं होतं, पुण्याहून आणलेला मिक्सर १२० वर नुसता कण्हतो, चटणी काही होत नाही. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्यांना नुसती पिन पुरते. कुकर, मिक्सर, इस्त्री यांची पाटी वाचल्याशिवाय लावू नका.

अजित, बुधवार

सुनीता, अगदी बरोबर. आणि जी मंडळी मुंबईहून आणलेल्या वस्तूंचे गोल पिनेचे प्लग कापून इथले चौकोनी बसवतात, त्यांच्यासाठी. भारतातल्या बऱ्याच वायरींत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ असते. इथे तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अमेरिकेत काळी म्हणजेच फेज. आपल्या हॉलसारख्या जुन्या इमारतींत लाल-काळी वायरिंग अजून आहे. २००६ पासून नव्या कामात नवे रंग सक्तीचे झाले, आणि त्यात थ्री फेजला काळी वायर हीसुद्धा एक फेज असते. रंगावर विसंबून कोणी हात घालू नये.

प्लगमधला फ्यूजही बघा. गेल्या वर्षीच्या टेबल लॅम्पमध्ये १३ अँपिअरचा निघाला. तिथे ३ चा लाल फ्यूज हवा. नाहीतर वायर जळून जाईल आणि तपकिरी १३ चा फ्यूज शाबूत राहील.

मंगल, बुधवार दुपारी

सगळ्यांची माहिती कामाची आहे, पण माझा प्रश्न तसाच राहिलाय. शनिवारी दुपारी २ ला तालीम आहे. कीबोर्ड कोण देणार?

अवधूत, बुधवार रात्री

काकांकडून किल्ली घेऊन हॉलवर गेलो होतो. कीबोर्ड उघडलेला नाही.

काल लावलेला काळा अडॅप्टर उजेडात नीट पाहिला. १२ व्होल्ट, १.५ अँपिअर, खुणेत मध्ये पॉझिटिव्ह. कीबोर्डच्या मागे जॅकपाशी ९ व्होल्ट, मध्ये निगेटिव्ह. काकांनी वर्णन केलं होतं तेच, पण अडॅप्टर यामाहाचा नाही. यामाहाचा कपाटात वरच्या खणात गुंडाळलेला आहे आणि त्यावर हॉलच्या तपासणीचा हिरवा स्टिकर आहे. मंडळाच्या प्रत्येक अडॅप्टरवर तो आहे, कारण हॉलवाले त्याशिवाय आत नेऊ देत नाहीत. कालच्या काळ्यावर स्टिकर नाही. त्याच्या वायरीला दुकानदाराची कागदी चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली आहे आणि चिठ्ठीवर आपल्या ऑर्डरचा नंबर आहे. फोटो जोडलेत: अडॅप्टरची पाटी, कीबोर्डची खूण, चिठ्ठी.

दुसरं, या मॉडेलला खाली सेलची जागा आहे. डी साइजचे ६ जाड सेल घातले, म्हणजे ९ व्होल्ट. अडॅप्टर पूर्ण काढूनच घातले. सेल गरम होताहेत का ते बघत थोडा वेळ थांबलो, मग बटण दाबलं. चालू झाला! सगळ्या पट्ट्या वाजतात, लय पण चालते. म्हणजे जळलंय ते जॅकच्या बाजूचं.

वृंदा, बुधवार रात्री

अवधूत, फार मोठं काम केलंस. चिठ्ठी जपून ठेव, सोडू नकोस. पत्र मी आज रात्रीच लिहिते.

प्राची, गुरुवार

वृंदाताई, पत्र पाठवायच्या आधी एक बघा. बिल कोणाच्या नावावर आहे? कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ मध्ये ग्राहक म्हणजे व्यक्ती. बिल मंडळाच्या नावावर असेल तर ते ३० दिवसांवर बोट ठेवू देणार नाहीत. तेव्हा जुन्या सेल ऑफ गुड्स ॲक्ट १९७९ चा आधार घ्यावा लागेल. वस्तू वर्णनाप्रमाणे आणि समाधानकारक दर्जाची असावी, हे त्यातही आहे. ‘अडॅप्टरसह’ म्हणून दुसऱ्याच व्होल्टेजचा, उलट्या पोलॅरिटीचा अडॅप्टर देणं यात कुठेच बसत नाही.

पैसे क्रेडिट कार्डाने आणि थेट दुकानदाराला दिले असतील तर १०० पौंडांच्या वरच्या खरेदीला कार्ड कंपनीही जबाबदार असते. मध्ये एखादी बाजारपेठेची वेबसाइट असेल तर तो हक्क बहुधा सुटतो. तेही तपासा.

आणि दुरुस्ती करून देतो म्हणाले तर ३० दिवसांच्या आत ती घ्यायलाच हवी असं नाही.

वृंदा, गुरुवार

बिल माझ्या नावावर, कार्ड माझं, आणि खरेदी थेट त्यांच्याच साइटवरून. मंडळाकडून मी अजून पैसे घेतलेलेही नाहीत. पत्र गेलं, फोटो जोडलेत, आणि पूर्ण पैसे परत मागितलेत. पण कीबोर्ड परत जाणार म्हणजे तालमीला आणि दिवाळीला दुसरा बघावा लागेल हे लक्षात घ्या.

शिरीष, गुरुवार

तो अडॅप्टर यामाहाचा नव्हता, ते फोटोत दिसतंय. वृंदाताईंचं म्हणणं बरोबर होतं.

कपाटाबद्दल पुढे असं ठरवू. प्रत्येक अडॅप्टर त्याच्या वाद्यालाच नायलॉनच्या पट्टीने बांधलेला राहील. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू पहिल्यांदा मीटर लावून मगच जोडायची, मग ती नवी असो की जुनी. मीटर कपाटातच ठेवतो आणि कसा वापरायचा हे शनिवारी तालमीआधी दाखवतो. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी दीडला यावं. मी एकटा किती दिवस पुरणार? निदान तिघांना तरी हे यायला हवं.

निखिल, गुरुवार

मी येतो दीडला. लॅपटॉपची ऑर्डर तोवर थांबवली आहे. विक्रेत्याला विचारलंय की चार्जर मूळ कंपनीचा देणार का, आणि बॅटरीची मूळ क्षमतेच्या तुलनेत किती उरली आहे ते लेखी मागितलंय. उत्तर आलं नाही तर तिथून घ्यायचं नाही.

मंगल, गुरुवार रात्री

अजितच्या शेजाऱ्यांचा यामाहा शनिवारी आणि दिवाळी पहाटला मिळतोय, त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरसह. अजित, तुझे मनापासून आभार. अवधूत, ते ६ सेल आपल्या कीबोर्डातून काढून ठेव, पार्सलबरोबर जायला नकोत. वृंदाताई, कुरिअर सोमवारी हॉलवरून उचलणार असेल तर मी ११ ते १ तिथे आहे.